पदराची गाठ

कात्रप, बदलापूर (पूर्व)
१२ डिसेंबर २००८

आदरणीय कुमुदताई,

धाकट्या शीलाचा सप्रेम जय भीम. दाजींचे गुडघे, तुझं पित्त आणि शहाडचं नळाचं पाणी, तिघांची खुशाली कळव. (तुझ्या काखेजवळच्या त्या गाठीबद्दल मी अक्षरही काढणार नाही. फोनवर विषय निघाला की तू "दूध उतू गेलं" म्हणून फोन ठेवतेस. एवढं दूध डेअरीतही येत नसेल. पत्र मात्र असं मध्येच ठेवता येत नाही.)

गेल्या महिन्यात आपल्या विहारात बायकांची छाती तपासायचं शिबिर झालं. भोंग्यावर पुकारायचं काम समितीच्या दौलतरावांकडे. त्यांना तो शब्द काही उच्चारवेना. शेवटी कानाच्या पाळ्या लाल करून त्यांनी पुकारलं, "महिलांच्या गाठी मोफत तपासून मिळतील!" झालं. बारवीकडच्या पाड्यावरची भागीरथी आजी आली, डॉक्टरीणबाईंपुढे बसली आणि पदराची गाठ पुढे केली, "ही काय माजी गाठ. तपास काय तपासाचं ते." आत सुपारी आणि चुन्याची डबी! सगळा विहार हसला, आजी सगळ्यांत जास्त.

पण ते मशीन, ताई, काय सांगू तुला! शिलाई मशीनच्या झाकणाएवढी पेटी आणि साबणाच्या वडीएवढा, हातात धरायचा तुकडा. सुई नाही, दुखणं नाही, आडोशाला फक्त डॉक्टरीणबाई आणि आपण. तुकडा छातीवरून हलकेच फिरवायचा, जिथे कडक लागेल तिथे संगणकावर लाल ठिपका. मध्येच लोडशेडिंग झालं, पंखे थांबले, हे आपलं बॅटरीवर चालूच. मी चक्क हात जोडले. आपल्या आईचं जे कळेपर्यंत उशीर झाला, ते इथे चहा निवायच्या आत समोर दिसत होतं.

आजीचा ठिपका उमटला, मसुराएवढा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मशीन फक्त कडकपणा सांगतं, पुष्कळ गाठी साध्याच असतात, खरं काय ते मोठ्या दवाखान्यात कळेल. आजीने चिठ्ठी सुपारीशेजारी ठेवून पदराला गाठ मारली आणि दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठला. काल रिपोर्ट आला. आजार तोच आहे, पण अगदी सुरुवातीचा. बऱ्या होतील म्हणाले.

बाकी सगळं ठीक.

तुझी (त्या विषयावर एक शब्दही न बोललेली)
शीला

ता.क. हेच मशीन एकवीस तारखेला, रविवारी, अंबरनाथला येतंय. तुझं नाव पहिल्या नंबरावर लिहून आलेय.

ता.क. दाजींना काही सांगितलेलं नाही. (चष्मा सापडत नाही म्हणून हे पत्र त्यांच्याकडूनच वाचून घेत असशील, तर आता कळलंच.)

ता.क. रांगेत मीही बसले होते. माझा ठिपका आला नाही. आनंद व्हायला हवा होता, पण घरी येऊन तुझ्यासाठी रडले. आजीचं बघून मीही तुझ्या नावाने पदराला गाठ मारलीय आणि तीच साडी धुऊन धुऊन नेसतेय. रविवारी येऊन ती तूच सोड.