लिमलेटचा पुडा

कंधार

प्रिय शकूच्या बाबांस,

नाव लिहायला गेले आणि हात अडला. हसू नका. इकडं सगळं ठीक आहे असं लिहिणार होते, पण ठीक नाही. हापशाला पाणी येईना. टँकर आला की शकू पळत सुटते आणि ड्रायव्हर बघून तोंड पाडून परत येते. लातूर वेगळा जिल्हा झाला, दुष्काळात तिकडं टँकरवर ड्रायव्हर लागले, तुम्ही गेलात. आमच्या गावाला मात्र भलताच माणूस पाणी आणून राहिला!

परवा शकूची दाढ लई ठणकली म्हणून तिला नांदेडला दातांच्या डॉक्टरांकडं नेलं. दाढ पोखरलेली, समोरच्या दातांवर पांढुरके डाग. गोड फार खाते का, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, छे हो, तिचे बाबा लिमलेटचा पुडा आणतात, तेवढाच. तो ती किती दिवस पुरवते! कशी पुरवते ते मग शकूनंच सांगितलं. गोळी जराशी चघळायची, कागदात गुंडाळून खिशात ठेवायची, पुन्हा काढून चाटायची. दिवसभर हेच.

डॉक्टर म्हणाले, तिथंच घात झाला. तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात आणि ते दाताच्या कवचातला चुना ओढून काढतं. लाळ तो चुना परत भरते, पण तिला उसंत लागते. ही पोर उसंतच देत नव्हती. एका बैठकीत पुडा फस्त केला असता तरी एवढं बिघडलं नसतं म्हणे. डाग जपले तर भरून येतील, दाढेतलं भोक आपोआप भरणार नाही.

बाहेर आल्यावर मी चिडले. अगं बये, गोळीचा एवढा कसला सोस! तर म्हणते कशी, मागं पुडा लवकर संपला आणि बाबा कितीतरी दिवस आलेच नाहीत, म्हणून आता संपूच देत नाही.

अहो, मागच्या वेळी तो पुडा मी संपवला होता. शकू शाळेत गेली की एक गोळी तोंडात धरायची आणि ती विरघळेपर्यंत तुमच्याशी मनातल्या मनात बोलत बसायचं. माझीही दाढ दुखून राहिली, पण डॉक्टरांना दाखवायची लाज वाटली. लेकीला हे कसं सांगू? तुम्हाला सांगते. तुमच्यावाचून करमत नाही हो. आता पुडा आणू नका. तुम्ही या, नाहीतर आम्हा दोघींना तिकडं न्या.

तुमचीच,
तारामती