दुसऱ्या ओळीवरचं बोट

प्रिय थोरल्या,

प्रिय लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. लगेच फुगू नकोस.

माझी शाळा चौथीत सुटली हे तू चारचौघांत हसून सांगतोस, तेव्हा अक्षर वेडंवाकडं दिसलं तर गोड मानून घे. पत्र लिहायचं कारण, फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकते. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येत नाही.

त्या दिवशी तू आलास तेव्हा तुझ्या धाकट्या भावाची पोर स्वयंपाकघरातल्या टेबलावर आपला कॉम्प्युटर मांडून बसली होती. तिला शिकाऊ म्हणून घेणार होते त्या कंपनीची एकच अट होती. कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर चालवून दाखवायचा, शुक्रवारपर्यंत. तिचा चालेना. मला म्हणाली, आजी, हे प्रोसेसरमध्ये मुळात असावं लागतं, नसेल तर काही उपाय नाही. मी म्हटलं, कळलं गं. पोटात दुसरा जीव वागवायचा तर तशी कूस लागते, हे मला तुझ्या यंत्राने शिकवायला नको. दोन वागवलेत. त्यातला एक बरा निघाला होता, तो देवानं नेला.

मीच म्हटलं, काकाला बोलाव, त्याचं कॉम्प्युटरचं दुकानच आहे. तू आलास, उभ्या उभ्या काळी खिडकी उघडलीस, एक शब्द टाइप केलास, भराभर ओळी पडल्या. शेवटी चार ओळी राहिल्या. त्यातल्या दुसरीवर तू बोट ठेवलंस आणि म्हणालास, "बघ, स्पष्ट लिहिलंय, नो. तुझ्या मशिनमध्ये तो गुणच नाही. कशाला डोकं फोडतेस? माझ्या काउंटरवर बसायला माणूस हवाय, सोमवारपासून ये." आणि खिडकी मिटलीस. तिला धड वाचूही दिलं नाहीस. बाप गेल्यावर काकाचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, असं समजणारी पोर ती. तिने त्याच संध्याकाळी कंपनीला नकार कळवला.

मी काही बोलले नाही. ती माझी चूक, ती मी तुझ्यावर ढकलणार नाही. मला वाटलं, यंत्राचं यंत्रवाल्याला कळतं. पण मी तीस वर्षं कारखान्यात शर्टांची काजं-बटणं तपासली. चार बटणांत एक वेगळं असलं तर माझा डोळा दुसरीकडे जातच नाही. त्या चार ओळींत तीन ओळींच्या शेवटी तीन इंग्रजी अक्षरांचा शब्द होता. दोन अक्षरांचा फक्त तुझ्या बोटाखाली. आठ दिवस ते मला खुपत राहिलं. शेवटी पोरीला म्हटलं, ती पाटी परत काढ, आणि चारही ओळी मला मोठ्यानं वाचून दाखव.

दुसरी ओळ वाचून ती परत पहिलीवर गेली. पहिली ओळ सांगते, प्रोसेसरमध्ये ती सोय आहे की नाही. तिथे यस होतं. दुसरी ओळ एवढंच सांगते, की ती सोय चालू केलीय की नाही. तिथे नो. म्हणजे घरात दिवा आहे, बटण बंद आहे, आणि तू पोरीला सांगितलंस की तुझ्या घराला वीजच नाही.

मग आम्ही दोघींनी बटण शोधलं. मशिन बंद करून परत सुरू करायचं, आणि सुरू होता होता एक बटण टकटक दाबत राहायचं; कुठल्या मशिनला एफ टू, कुठल्याला डिलीट. एक साधा पडदा येतो. त्यात व्हर्च्युअलायझेशन नावाची ओळ हुडकायची, ती चालू करायची, जतन करून बाहेर पडायचं. माझा चहा निवायच्या आत झालं. पोटातला दुसरा कॉम्प्युटर उठून बसला आणि पोर टेबलावर डोकं ठेवून रडली. तिची जागा चार दिवसांपूर्वीच दुसऱ्या कुणाला गेली होती. आता वर्षभर थांबा.

मी तुला फोन केला. म्हटलं, तुला माहीत नव्हतं? माहीत नव्हतं म्हणाला असतास तर मी अडाणी समजून सोडून दिलं असतं. तू हसलास. म्हणालास, "आई, खरं सांगितलं असतं तर ती काउंटरवर आली असती का? आणि गिऱ्हाइकालाही मी हेच सांगतो, नवं मशिन खपतं. पहिली ओळ कोण वाचतंय?"

ती तुझ्या काउंटरवर येणार नाही. पुढच्या वर्षीच्या अर्जाची तयारी करतेय, माझ्या टेबलावर.

आता तुझ्या मनात येईल, म्हातारीनं मला हे सगळं इतकं उलगडून का लिहिलं? मला तर हे सगळं येतंच. बरोबर. तुझ्यासाठी लिहिलेलंच नाही. तुझ्या दाराखालून सरकवतेय ती नक्कल, हा शेवट तेवढा तिच्यात जादा. मूळ पत्र आज सकाळी मी तुझ्या दुकानाच्या काचेवर बाहेरून लावून आले, घट्ट शिजवलेल्या खळीनं, चारही कडा दाबून. समोर बसचा थांबा आहे, तिथे लोकांना वाचायला दुसरं काही नसतं. काळ्या खिडकीत सिस्टिमइन्फो हा शब्द जोडून लिहायचा, तेही खाली मोठ्या अक्षरात घातलंय, पोरीकडून तपासून घेऊन. पहिल्या ओळीत नो असेल तर दुकानदार खरं बोलला, असंही लिहिलंय. उगाच अन्याय नको. थांब्यावरचा पेपरवाला म्हणाला, मावशी, हा तुमचा कोण? मी म्हटलं, मुलगा. तो परत पहिल्यापासून वाचायला लागला. तेव्हा पाण्याची बादली घेऊन धावत सुटू नकोस. खळ सुकलीय, आणि वाचणारे अजून दुसऱ्या पानावर आहेत.

तुझीच, त्याला आता इलाज नाही,
आई