वहीतलं शून्य

रविवार, १४ सप्टेंबर

प्रिय मामा,

तुझ्या मुंगळीचा तुला आणि मामीला नमस्कार. गुडघा कसा आहे, मामी जिना चढू देते की नाही, सगळं नीट कळव. "बरं आहे" एवढ्यावर कटवू नकोस. इथे मी ठीक आहे. टेबलावर कामाचा ढीग आहे आणि खिडकीतल्या कुंडीला तू दिलेली वेल अजून तग धरून आहे.

फोन सोडून ही मुंगळी पत्र का लिहितेय, असं वाटेल तुला. फोनवर हल्ली तू "हो, हो" म्हणतोस आणि मग भलत्याच प्रश्नाचं उत्तर देतोस. शिवाय वाद झाला की मी हरते. कागदावर मला निदान शेवटपर्यंत बोलता येईल.

आधी बातमी. आपल्या ओढ्यात तुझा बारका बेडूक आहे! उडी मारू नकोस, गुडघा सांभाळ. या खेपेला मी तो पाहिला नाही की ऐकला नाही, पाण्यातच सापडला. बेडूक पाण्यात बसला की त्याच्या कातडीचे कण, लघवी, काही ना काही मागे राहतं आणि त्यात त्याचा डीएनए असतो. आम्ही लिटरभर पाणी बारीक गाळणकागदातून दाबून काढतो, तो कागद प्रयोगशाळेत आणतो आणि ठरावीक जातीचा डीएनए त्यात आहे का, एवढंच यंत्रावर तपासतो. तुझ्यासारखं तासन्‌तास खुर्ची टाकून बसायला नको.

सहा जागा घेतल्या. खालून सुरुवात करून वर वर गेलो, म्हणजे आपल्याच पायांनी ढवळलेलं पाणी बाटलीत येत नाही. प्रत्येक जागी नवे हातमोजे. सोबत शुद्ध पाण्याची एक बाटली नेतो आणि तीही तिथेच उघडून गाळतो. तिच्यात बेडूक निघाला तर घोळ आमच्या हातांचा, सगळं काम फुकट. ती कोरी निघाली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. सहापैकी चार जागी तुझा बेडूक आहे, आणि सगळ्यात जास्त लाकडी पुलाखाली.

कार्यालयात नुसता आनंदीआनंद. साहेबांनी अहवालाचा मथळा स्वतःच्या हाताने लिहिला: "चार वर्षांनी ओढ्यात बेडूक परतला." मीही दोन दिवस हसत हसत अभिनंदन घेतलं.

पण "परतला" हे खरं नाही, मामा.

वाहत्या पाण्यातला डीएनए फार तर दोन-तीन आठवडे टिकतो. चार वर्षांपूर्वी तिथे कोण होतं, ते त्यावरून कळत नाही. बेडूक मोजायच्या तुझ्या वहीत तेव्हापासून शून्य आणि आमच्या बाटलीत बेडूक, म्हणजे मधे गेला आणि आता आला, असंच कुणीही म्हणेल. मी तोंड उघडलं नाही तर कुणाला शंकासुद्धा यायची नाही. हेच मला आठवडाभर खातंय.

चार वर्षांपूर्वीची ऑगस्टमधली ती संध्याकाळ आठवते? तू पुलावर खुर्ची टाकून डोळे मिटून बसला होतास, मी कठड्याला टेकले होते. मोठे बेडूक तू मोजलेस, अकरा, अगदी बरोबर. मग मला विचारलंस, "बारका ओरडतोय का गं कुठे? माझ्या कानाला काही लागत नाही."

मी म्हणाले, "नाही."

ओरडत होता. पुलाच्या डाव्या अंगाला दोन, पलीकडच्या झुडपात एक. काचेवर नखाने टिचकी मारल्यासारखा तो आवाज तूच मला आठव्या वर्षी ओळखायला शिकवलास. तू वहीत शून्य लिहिलंस आणि मी मूग गिळून गप्प बसले.

आधी वाटलं, मामाला ऐकू येत नाही म्हणजे मलाच भास होतोय. मग त्याच दुपारची गोष्ट आठवली. वॉशिंग मशीन केव्हाचं पीं-पीं करत होतं आणि तू शेजारी बसून शांतपणे पेपर वाचत होतास. शेवटी मामीच तणतणत बाहेर आली. तुझ्या कानांतून बारीक आवाज गेले होते, मामा. अठरा वर्षं त्या ओढ्यातलं सगळं ज्याने ऐकून लिहिलं, त्याला हे कुठल्या तोंडाने सांगायचं? म्हटलं, एकाच दिवसाचं तर आहे, नंतर हळूच सांगू. मी माझ्या गावी परतले, तू एकटाच जात राहिलास, शून्यामागून शून्य लिहीत राहिलास. मला कळलं तोवर तुझा तक्रारअर्ज गेलासुद्धा होता, की ओढ्याकाठच्या रोपवाटिकेच्या फवारणीने बेडूक मेले.

रोपवाटिकेवाले काका म्हणजे तुझे तीस वर्षांचे मित्र, दर रविवारचे बुद्धिबळातले भिडू. ते जीव तोडून सांगत होते की ओढ्याकडच्या वाफ्यांवर औषध मारतच नाही. तू म्हणालास, "माझे कान खोटं सांगत नाहीत." तेव्हापासून तुमचं बोलणं बंद. या वेळी पाण्याचे नमुने घ्यायला आम्ही त्यांच्याच फाटकातून गेलो. त्यांनी बाटल्यांची पेटी उतरवायला हात लावला आणि "मामा बरा आहे ना?" एवढंच विचारलं. मला मान वर करवेना. आता तो मथळा छापला तर लोक म्हणतील, बघा, फवारणी थांबवली आणि बेडूक आला. न केलेल्या गोष्टीसाठी त्या माणसाला दुसऱ्यांदा दोष लागेल, आणि तोही मी गप्प बसले म्हणून.

अहवाल पुढच्या सोमवारी जाईल. शुक्रवारी मी साहेबांना मथळा बदलायला सांगणार आहे. खाली टीपही देणार: चार वर्षांपूर्वी नोंद होताना मी हजर होते, मला आवाज ऐकू आला होता आणि मी तो सांगितला नाही. तुझ्या कानांबद्दल त्यात एक अक्षर नसेल, ते कुणाला सांगायचं ते तू ठरव. तुझ्या जुन्या वह्यांना धक्का लागत नाही. यंत्रात कुठला बेडूक शोधायचा, हे आम्ही त्यांवरूनच ठरवलं.

तू रागावशील. रागाव, तुझा हक्कच आहे. मी शनिवारी येतेय, समोर बसून ऐकून घेईन. मला खूप लाज वाटते, मामा, आणि तुझी फार आठवण येते. तेव्हाच खरं सांगितलं असतं तर तू चार दिवस घुसमटला असतास, आणि मित्र मात्र राहिला असता.

शनिवारी आपण दोघं रोपवाटिकेत जाऊ. बोलायचं तूच, मी शेजारी उभी राहीन. ते काय म्हणाले ते ऐकू आलं नाही, तर मला विचार. या वेळी जे असेल तेच सांगेन.

तुला "नाही" म्हणालेली,
तुझीच भाची