अक्षरं लहान केली ती मीच

मंगळवार, संध्याकाळ. वडगाव.

आप्पा मागावर विणायच्या साड्यांची नक्षी माझ्या लॅपटॉपवर बघतात, म्हणून त्यावर अक्षरं मोठी ठेवलेली असतात. गेल्या आठवड्यात माझ्या कामासाठी टर्मिनलमध्ये एका ओळीची कमांड टाईप करून मी ती लहान केली आणि तशीच विसरलो. आप्पा मला काही बोलले नाहीत. आपलेच डोळे गेले असं समजून, माग बंद ठेवून डॉक्टरांकडे जाऊन आले. थेंब सुरू केले. आज आईनं सांगितलं तेव्हा मेल्यासारखं झालं. गुपचूप कमांड देऊन अक्षरं मोठी केली. सांगणारच होतो, खरंच. तेवढ्यात आप्पा लॅपटॉपपुढे बसले.

"थेंबाचा लई गुण आला रं."

मी "व्हय" म्हणालो. का म्हणालो?

जेवणानंतर बाटली माझ्या हातात देऊन ते मान वर करून बसले. थेंब मीच घातले.