मी कुठली, याचा दावा

३ नोव्हेंबर ४७, सोमवार. कडेगाव.
बदलीच्या अर्जाला इकडच्या मेडिकल कॉलेजचं उत्तर आलं. तीन ओळी. 'आपण सांगली संस्थानच्या प्रजाजन असल्याचे आपल्याच मूळ अर्जावरून दिसते. इलाख्याबाहेरील विद्यार्थ्यांस बदली देता येत नाही.' सही वाचता येत नाही.

आप्पांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. "परजाजन? सुभेदाराची पोर संस्थानची परजा कवापास्नं झाली?"

मूळ अर्ज मामांनी भरलेला. आप्पा तेव्हा इटलीत, लढाईवर. पालक म्हणून सही मामांची, गावही मामांचंच, सांगलीजवळचं. उत्तरेतल्या कॉलेजात संस्थानच्या वाट्याची एक जागा होती, ती त्या सहीवर मिळाली. त्या दिवशी मामांनी अख्ख्या गावाला पेढे वाटले होते.

आता तिकडे दंगल. हॉस्टेलात निर्वासित भरलेत. कॉलेज सुरू होईल तेव्हा होईल, पण आप्पांनी सांगून टाकलंय, "मी मेलो तरी तकडं धाडनार न्हाई." म्हणजे इकडे बदली नाही तर डॉक्टरकी नाही. अडीच वर्षं पाण्यात.

७ नोव्हेंबर. सातारा.
आप्पांच्या पलटणीतल्या हवालदारकाकांकडे उतरलो. त्यांनीच वकील गाठून दिले. वकीलसाहेब बोलता बोलता शेंगा फोडतात, टरफलं माझ्या कागदांवर.

"बाई, तुम्ही कुठल्या?"
"इथल्याच."
"इथल्याच म्हणजे कुठल्या? इथंच तर घोडं अडलंय."

मग नीट समजावलं. आप्पा सातारा जिल्ह्याचे, म्हणून मीही सातारा जिल्ह्याची रहिवासी, असं कोर्टाकडून ठरवून घ्यायचं. तो निकाल हाती आला की कॉलेजला नाही म्हणता यायचं नाही. अडचण एकच. शिकायला म्हणून सांगलीत बोर्डिंगात राहिले असेन तर मी बापाच्याच गावची. पण मामांच्या घरात, मामांच्या पालकत्वाखाली वाढले असेन तर संस्थानची.

"कुठं राहत होता?"

मी आप्पांकडे पाहिलं. आप्पा खिडकीबाहेर बघत होते. "मामाच्या घरात," मी म्हटलं. वकिलांनी शेंगा बाजूला ठेवल्या.

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची. आप्पा कुठं पेशावर, कुठं आणखी कुठं. मामा येऊन घेऊन गेले. सात वर्षं. यात कोर्टानं काय ठरवायचं?

दावा लावला.

१४ नोव्हेंबर. भाऊबीज. कडेगाव.
मामा आले. आई गेल्यावरही एक साल चुकवलं नाही त्यांनी. बहीण नाही तर भाचीनं ओवाळायचं. नेहमीसारखी पाटाखाली तांदळाची रांगोळी, नेहमीसारखं त्यांचं "जरा वाकडी काढलीस गं." तुमचं डोकं वाकडं, असं मी म्हणायचं, तेही म्हटलं.

आप्पा ओसरीवर. दोघांत फार बोलणं होत नाही. भांडण नाही, पण कुणी कुणाचे उपकार काढायचे नाहीत असा ठराव असल्यासारखे बसतात. उपकार फार मोठे आहेत म्हणूनच बहुधा.

दाव्याचं सांगितलं. मामा म्हणाले, "येतो की साक्षीला. त्यात काय! कवा यायचं तेवढं सांग."

काय सांगावं लागेल ते विचारलंच नाही. मीही सांगितलं नाही. जेवून मामा मोटारीला गेले.

२३ नोव्हेंबर. मामांकडे.
शाळेचे दाखले न्यायला आले. माझी अभ्यासाची हाडांची पेटीही इथंच. सुट्टीत आणली होती तेव्हा मामीनं ती घरात घेऊ दिली नव्हती. गोठ्याच्या माळ्यावर, वर तुळशीची डहाळी. "मान्साची हाडं हाईत, कुनाचा आत्मा म्हशीला बाधला म्हंजे?" आज काढली तर डहाळी ताजी! दर एकादशीला बदलते म्हणे. माझी हाडं, मामीचं व्रत.

मांडीचं हाड हातात घेऊन खुणा आठवत बसले. निम्म्या विसरले. असंच चाललं तर दावा जिंकूनही नापास.

मामीला दाव्याचं कळलंय. चूल फुंकत म्हणाली, "आमच्यात न्हवतीस म्हनं तू?"
"असं कोण म्हणालं?"
"कोन म्हनंल कशाला. सुभेदारास्नी तेच पायजे हाय."

मी म्हटलं, मामी, फक्त कागदावर. मामी म्हणाली, "कागदावरच डॉक्टर हुतीस न्हवं?" तिनं गरम भाकरी ताटात टाकली, तूप नेहमीपेक्षा जास्त. मला तिचा राग आला आणि रडूही. खाल्ली.

२ डिसेंबर. सातारा.
पहिली तारीख. जज्जसाहेब रजेवर. पुढची तारीख.

९ डिसेंबर. सातारा.
सरकारी वकिलांनी मुदत मागितली. मिळाली. त्यांना काय, ते रोजच तिथं असतात.

११ डिसेंबर. कडेगाव.
हात रिकामे, डोकं रिकामं नाही. विकृतिशास्त्र उघडते, पान तेच. शेजारच्या काकूंचं गळू बघितलं, शेक द्यायला सांगितलं. त्यांनी विचारलं, "झालीस का डॉक्टर?" मी म्हटलं, कोर्टात आहे. त्या म्हणाल्या, "म्हंजे?"

संध्याकाळी आप्पांवर ओरडले. दंगल थांबली म्हणतात, मला जाऊ दे तिकडे परत, हे कोर्टबिर्ट नको. आप्पा शांतपणे म्हणाले, "म्या तकडं काय बघितलंय ते तुला सांगनार न्हाई. पर धाडनारबी न्हाई." मग, "सात वर्सं त्यानं सांभाळलीस. एवढं एक माझ्याकडनं हू दे."

तेव्हा लक्षात आलं. दावा माझ्या बदलीचा. पण आप्पांचा स्वतःचाही एक दावा त्यात आहे. कोर्टानं सांगावं, ही सुभेदाराची.

१९ डिसेंबर. सातारा.
जुन्या कॉलेजचं पत्र. वर्ग सुरू. जानेवारीअखेर हजर न झाल्यास नाव कमी. इकडचं कॉलेजही तेवढीच वाट बघायला तयार. दोन्हीकडून एकच तारीख.

पेपरात बातमी, संस्थानं विलीन होणार. वकीलसाहेबांना आनंदानं दाखवली. संस्थानच नाही तर मी त्याची प्रजा कशी? ते हसले. "बाई, संस्थान जाईल तेव्हा जाईल. तुमचं नाव त्याआधी जाईल."

आता नाताळची सुट्टी. कोर्टाला बरी सुट्टी असते.

६ जानेवारी ४८. सातारा.
मामा आले. साक्षीची उजळणी. वकीलसाहेबांनी सगळं परत मांडलं, बोर्डिंगात राहिली असती तर असं, घरात वाढली असेल तर तसं. 'असती तर' वर जोर.

मामा ऐकत होते. टोपी गुडघ्यावर. म्हणाले, "म्हंजे बोर्डिंगात व्हती म्हनायचं?"

वकीलसाहेब खिडकीशी जाऊन उभे राहिले. "मी तसं काही सांगितलेलं नाही."

"न्हाई सांगितलं तुमी," मामा म्हणाले. "मीच इचारतोय."

मी बोलू शकले असते. इथं लिहून ठेवते की बोलू शकले असते, आणि बोलले नाही.

बाहेर आल्यावर मामांनी मला चहा पाजला, बशीतला अर्धा आपण प्याले. लहानपणापासून तसंच. चालताना धाप लागते त्यांना. पायावर सूज आहे, बोट दाबलं तर खड्डा राहील. दाबून बघू म्हटलं तर, "आधी डॉक्टर तर हो."

१४ जानेवारी. संक्रांत.
तिळगूळ कुणाला दिला नाही. गोड बोलायची हिंमत नाही.

१६ जानेवारी. सातारा.
साक्ष झाली.

खरं तर आधी माझीच व्हायची. पण मामा एवढ्या लांबून आलेले, वकीलसाहेबांनी विनंती करून त्यांची आधी घेतली. जसं झालं तसं लिहिते, नाहीतर उद्या मी ते जरा बरं करून आठवीन.

मामांनी शपथ घेतली. नाव, गाव, धंदा शेती, गावचा पाटील.

आमच्या वकिलांनी विचारलं, मुलगी तुमच्याकडे राहत होती का?
"न्हाई. सांगलीला बोर्डिंगात व्हती."
तुमच्या घरी कधी येत असे?
"सनासुदीला. दोन-चार दीस."
पालनपोषण कोणी केलं?
"तिच्या बापानं."

मग सरकारी वकील उठले. त्यांच्या हातात तो मूळ अर्ज. "इथं तुम्ही स्वतः लिहिलंय, सदर मुलगी माझ्या घरी, माझ्या पोषणाखाली आहे. ही सही तुमची?"
"माजीच."
"मग हे काय?"
"ते खोटं लिवलं."
जज्जसाहेबांनी मान वर केली. "पाटील असून?"
"व्हय."
"आणि आज शपथेवर सांगताय ते खरं?"
मामांच्या मानेवरची शीर उडत होती. मला बाकावरून ठोके मोजता आले असते. "आज सांगतोय ते खरं, सायेब. पोरीचा आमच्या घराशी कायबी संबंध न्हाई."

खरं होतं ते खोटं लिहिलं म्हणाले आणि खोटं आहे ते शपथेवर खरं. सात वर्षं दोन-चार दिवसांची झाली. गोवर निघाला तेव्हा एकवीस दिवस मांडीवर घेऊन बसलेला माणूस हा. न्यूमोनिया झाला तेव्हा रात्रभर बैलगाडीत धरून मिशनच्या दवाखान्यात नेलं ते यांनीच. मी बाकावर बसून ऐकत होते आणि मला, देवा, थोडं बरंही वाटत होतं. जमलं म्हणून. या वाटण्याची लाज जन्मभर पुरेल.

सरकारी वकील म्हणाले, साक्षीदारानं एकदा तरी खोटी सही केलीय, वादीला स्वतःला तपासल्याशिवाय चालणार नाही. जज्जसाहेबांनी मान्य केलं. सोमवारी मी.

मामा जेवायला थांबले नाहीत. "म्हशीचं बघायचंय." मोटार सुटेपर्यंत आप्पा स्टँडवर उभे. हात वर केला नाही, पण उभे होते.

१७ जानेवारी. सातारा.
वकीलसाहेबांकडे. विचारलं, मी खरं सांगितलं तर?
"दावा जाईल. आणि पाटलांवर खोट्या शपथेचा खटला होऊ शकेल."
आणि मामा म्हणाले तेच सांगितलं तर?
"निकाल बहुधा तुमचा. मात्र त्या सहीबद्दल संस्थान त्यांची पाटीलकी काढून घेऊ शकेल. संस्थान राहिलं तर." शेंगा पुढे केल्या. घेतल्या नाहीत.
म्हणजे दोन्हीकडून मामाच.
"तुम्ही डॉक्टर होणार ना बाई? डॉक्टरला रोग्याला काय सांगावं लागतं ते शिकवतात का तिकडे?"
नाही शिकवत.

१८ जानेवारी, रविवार.
संध्याकाळी अंगणात खाटेवर बसून आप्पा म्हणाले, "परवा ते समदं ऐकून मला बरं वाटायला पायजे हुतं. पोर माजी म्हनून."

मी खाटेशी येऊन बसले.

"न्हाई वाटलं," ते म्हणाले. "लढाईत म्या मानसं मेलेली बघितली. पर असं कुनी आपल्या हातानं..." पुढचं राहिलं. मग, "उद्या तुला काय सांगायचं ते तू सांग. मी कायबी म्हननार न्हाई."

सोडवलं त्यांनी मला? की आणखी अडकवलं? बाकी सगळे आपापलं बोलून मोकळे झाले.

१९ जानेवारी, सोमवार. कोर्टाचा व्हरांडा.
पेन्सिलीनं लिहितेय. आमच्याआधी बांधाचा एक दावा चालू आहे, आत कुणीतरी मोठ्यानं झाड कुणाचं ते सांगतोय. आप्पा बाकाच्या या टोकाला, फेटा नीट बांधून.

काय सांगायचं ते सकाळी अंघोळ करताना ठरवलं होतं. इथं येईपर्यंत बदललं. पायऱ्या चढताना परत बदललं.

मामा आलेत. बोलावलं नव्हतं. पहाटेच्या मोटारीनं आले असणार, धोतरावर धूळ आहे. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "भिऊ नगं. मी म्हनलो तेच म्हन. आमाला समदं ठावं हाय, तेवढं बास."

"मामीला?"

"ती येनार व्हती. म्या आनली न्हाई. तिला खोटं ऐकवत न्हाई."

झाडाचा दावा संपला वाटतं. माणसं बाहेर येतायत. पट्टेवाला दारात आला. माझं नाव पुकारलं, पूर्ण, बापाच्या नावासकट.

बाकावरून दोघंही उठून उभे राहिले. मी अजून बसलेलीच.