साहेबांच्या फोटोमागची पुस्तकं

चिंचटाका, ता. आष्टी
१२ सप्टेंबर २०२५

चि. यशोधरास,

कारभारीदादाचा सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद.

फोन केला नाही म्हणून रुसू नकोस. तुला फोन लावला की तू स्पीकर लावतेस. मग दाजी खोकतात, सूनबाई हसते आणि मी चावडीवर उभा असल्यासारखा सगळ्यांशी बोलतो. काही गोष्टी एकट्या बहिणीलाच सांगायच्या असतात.

तू पाठवलेली खोकी पोचली. तान्ह्यांची कापडी पुस्तकं, पोरांच्या गोष्टी, जाडजूड कादंबऱ्या, म्हाताऱ्या डोळ्यांसाठी मोठ्या अक्षरांची, भरतीवाल्या पोरांची, सगळी कोरी करकरीत. आपले ग्रंथपाल अर्जुनराव एकेक उघडून वास घेत बसले. मला म्हणाले, इतकी वर्षं इथं आहे, पण या वाचनालयात वाळवीच्या आधी पुस्तक माझ्या हातात पहिल्यांदाच आलं.

वाचायला कधी मिळणार, असं मात्र विचारू नकोस. पुस्तकं वाचायची असतात हा तुझा नाशिककडचा गैरसमज. आपले अध्यक्ष आप्पाराव यांनी ठराव केला आहे की साहेबांच्या शुभहस्ते उद्घाटन झाल्याशिवाय कुलूप उघडायचं नाही आणि फीत कापायची नाही. जलालुद्दीन मिस्त्रीने केलेल्या नव्या काचेच्या कपाटात पुस्तकं भरली, कुलूप लावलं, लाल फीत बांधली आणि किल्ली आप्पारावांच्या करदोट्यात गेली. साहेब सध्या येणार नाहीत, कारण पितृपक्ष आहे. पुस्तकांच्या घरात कोण वारलं ते मला कळलं नाही. बैठकीत मी तसं विचारलं, तर इतिवृत्तात माझी नोंद 'अनुपस्थित' अशी झाली. वाचनालयाचे पंखे मी फुकट वाइंडिंग करून देतो, म्हणून एवढ्यावर भागलं.

पोरं काचेला नाक लावून आत बघतात. काचेवर नाकांचे ठसे उमटतात, याची आप्पारावांना फार काळजी आहे.

दाजींना खोकल्याचं औषध दे. भावावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
कारभारीदादा

*

नाशिक
२० सप्टेंबर २०२५

ती. दादास,

यशोधराचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं, म्हणजे स्पीकर तोच. आपल्याला खोकला नाही असं हे म्हणाले, खोकत.

आता थट्टा पुरे. ती पुस्तकं मी कपाटाच्या शोभेला पाठवली नाहीत. भाऊबीज झाली की आपल्या वस्तीतले ट्रक ऊसतोडीला निघतात. त्यात पोरंही जातात, ती उन्हाळ्यापर्यंत परत येत नाहीत. मग तुमचे साहेब फीत कापणार ती कोणासाठी?

नवनाथच्या सुनेला, राजश्रीला, मी उन्हाळ्यात शब्द दिला होता. सातवीतून शाळा सुटली तिची, पण वाचायची भूक सुटली नाही. मला म्हणाली होती, आत्या, सगळा हंगाम पुरंल असं जाड पुस्तक धाडा, आन माझ्या पवनला चित्रांचं. निळ्या पुठ्ठ्याचं सगळ्यात जाड आहे, ते तिचं. देवमाशाचं चित्र आहे ते पवनचं. बाकी कोणाला काय द्यायचं ते द्या, पण ही दोन ट्रकमध्ये गेलीच पाहिजेत.

लहानपणी ऊसतोडीला जायचो तेव्हा आपल्या पाचटाच्या कोपीला खताच्या गोण्यांचा आडोसा असायचा, आठवतं? मी त्या गोण्यांवरची अक्षरं लावत वाचायला शिकले. आणि एका बाजूचं पाठ झालं की तू आईच्या शिव्या खाऊन गोणी उलटी करून लावायचास, मला दुसरी बाजू वाचायला मिळावी म्हणून. तोच दादा आता समितीवर आहे ना, की तोही करदोट्यात गेला?

रागावले आहे, तरी लोभ आहेच.

तुझी,
यशो

*

चिंचटाका
११ ऑक्टोबर २०२५

चि. यशोस,

सप्रेम जयभीम आणि घाबरतघाबरत आशीर्वाद.

पितृपक्ष संपला. मग नवरात्र आलं, साहेब दांडियाच्या उद्घाटनांत अडकले. मग दसरा झाला. आता दिवाळीनंतर नक्की, म्हणजे ट्रक गेल्यावर. नाकांच्या ठशांवर मात्र उपाय निघाला. कपाटाच्या बरोबर मापाचा फ्लेक्स करून काचेवर ताणला आहे, साहेबांचा हात जोडलेला फोटो. आतलं आता काही म्हणजे काही दिसत नाही. पोरं साहेबांच्या मिशीला नाक लावतात. खाली तारखेवर तारीख चिकटवून तिथं चांगला पुठ्ठा तयार झाला आहे.

परवा मी स्टुलावर चढून पंखा बसवत होतो, तेव्हा राजश्री आली. पदर खोचून सरळ आप्पारावांच्या टेबलाशी. ते फार गोड बोलले. ताई, उद्घाटनाला या, तुम्हाला पहिल्या रांगेत खुर्ची देतो, म्हणाले.

ती म्हणाली, "आप्पा, तवा मी फडात आसंन. खुर्ची कशाला, पुस्तक द्या. खुर्चीवर पवनला काय वाचून दावू?"

आप्पाराव हसले आणि चहा मागवला, स्वतःसाठी. ती गेल्यावर साहेबांच्या माणसाला फोन लावला. पंख्याखाली बोललेलं पंख्यावरच्या माणसाला ऐकू येतं, हे लोक विसरतात. इंग्रजी शाळेची पोरं गणवेशात आणायची, फोटोपुरतं एकेक पुस्तक हातात द्यायचं आणि लगेच परत कपाटात, म्हणजे पानं मळत नाहीत, असं ठरलं.

माझे कान तुला माहीत आहेत. मोटारीचं काय बिघडलं ते मी आवाजावरून सांगतो. उतरताना कपाटाच्या मागच्या अंगाला सहज टिचकी मारली. बोदा आवाज आला. जलालभाईला विचारलं तर म्हणाला, "अध्यक्षसाहेबांनी ऑर्डर सागवानाची दिली आन पैसे बाभळीचे. पुढून सागवान हाय, मागून पातळ प्लाय. चार स्क्रू, बस."

मी ठराव पुन्हा वाचून काढला. कुलूप आणि फीत, एवढंच लिहिलं आहे.

वृद्ध भावाला सांभाळून घ्यावं ही विनंती.

कारभारीदादा

*

नाशिक
१६ ऑक्टोबर २०२५

ती. दादास,

जयभीम. ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, भाऊबीजेला येणं होत नाही. ओवाळणी पोस्टानं पाठव. यंदा साडी नको. चार स्क्रू पाठव.

यशो

*

चिंचटाका
४ नोव्हेंबर २०२५

चि. यशोस,

सप्रेम जयभीम. सोबत पुडी आहे. मोजून घे, चारही आहेत.

भाऊबीजेच्या सकाळी अर्जुनरावांनी झाडलोटीसाठी म्हणून वाचनालय उघडलं. आधी ते फार घाबरले. मी म्हटलं, ठरावाला धक्का लावायचा नाही, फक्त कपाटाला. जलालभाईनं ते भिंतीपासून ओढलं आणि मागची फळी दारासारखी काढून ठेवली. पुढे साहेब हात जोडून उभेच होते.

वस्ती सगळी आली. मोठ्या अक्षरांची कौशल्याबाईनं नेली, कापडी आमिनाबीनं नातवासाठी, भरतीची पोरांनी. इतर ऊसतोडीच्या पोरांनी गोष्टी घेतल्या. पुढाऱ्याच्या हाताशिवाय पुस्तक उघडतं हे बघून अर्जुनरावांना धीर आला. ते टेबलाशी बसून रीतसर नावं लिहू लागले. परत कधी आणणार, असं त्यांनी राजश्रीला विचारलं. ती म्हणाली, कारखान्याचा पट्टा पडला की, म्हणजे हंगाम संपला की. त्यांनी तसंच लिहून घेतलं. निळं जाड पुस्तक तिनं पिठाच्या डब्यात ठेवलं. पवननं देवमासा कोणाच्या हाती दिला नाही, ट्रकमध्ये चढवतानाही दोन्ही हात त्याला धरून होते. आम्ही त्याला पोत्यासारखा वर दिला.

संध्याकाळी कपाट रिकामं. फळी नुसती टेकवून भिंतीला लावली.

परवा रविवारी, आचारसंहिता लागायच्या आत उरकून घ्यायचं म्हणून, साहेब आले. वाचनावर बोलले. गेल्या वर्षी शौचालयावर बोलले होते तेच होतं, शब्द एक बदलला होता. फीत कापली. आप्पारावांनी सगळ्यांसमक्ष सदरा वर करून किल्ली काढली, फ्लेक्स सरकवला, दार उघडलं.

आत नुसते कप्पे. आप्पारावांचा चेहरा फ्लेक्सपेक्षा चपटा झाला. गणवेशातली पोरं हात पुढे करून तशीच उभी. अर्जुनराव उठले आणि बोलले: "साहेब, पुस्तकं वाचायला गेलीत."

साहेब ते साहेब. श्वासही घेतला नाही. म्हणाले, "याला म्हणतात वाचन चळवळ." पहिली टाळी आप्पारावांची.

पेपरात आलं आहे की उद्घाटन होताच वाचकांच्या उड्या पडल्या आणि काही क्षणांत कपाट रिकामं झालं. फोटोत एक साहेब कपाटापुढे, एक साहेब फ्लेक्सवर, पुस्तक कुठेच नाही. कल्पना आपलीच होती असं आप्पाराव आता हॉटेलात सांगतात. तुझा पत्ता मागितला आहे, आभाराचं पत्र आणि आणखी पुस्तकांची मागणी असं दोन्ही एकाच पाकिटात येईल. नवं कपाट लोखंडी घ्यायचं म्हणतात. मी सुचवलं, मागची बाजू जलालभाईच्या नजरेखालून घाला.

दाजींचा डोळा उघडला की त्यांना हे पत्र स्वतः वाचू दे. स्पीकर बंद.

तुझा,
दादा

*

कारखान्याचा तळ
१४ डिसेंबर

आत्यास राजश्रीचा जयभीम.

मोबाईलचा रिचार्ज सरला म्हनून लिवते. आमी समदे बरे हाव. थंडी लई हाय. तुमी हंगाम पुरंल असं पुस्तक दिलं, पर ते आताच सरलं. कोयता ठिवला की बाया म्हनत्यात, वाच, म्होरं काय झालं. भाकरी थापताना वाचता येत न्हाई, तर पवन अक्षर लावून लावून सांगतो. आता त्ये पुस्तक तिसऱ्या कोपीत गेलतं, तितून म्होरं कुठं गेलं ठावं न्हाई. अर्जुनराव वरडतील का? तुमी सांगा त्यास्नी, हरवलं न्हाई, फिरतंय.

आनखी जाड आसंल तर बघा. आमाला इसरू नका.

तुमची,
राजश्री

ता. क. पवन देवमाशाचं पुस्तक झोपताना गोणीमागं लपवतो. कावून रं, इचारलं तर म्हनतो, साहेब आले तर उद्घाटन व्हईल.