एकटीचा फोटो

११ एप्रिल
नाचणगावचं लग्न आटोपून आलो. पाठ मोडली. मंडपात उजेड नावालाच! या जुन्या कॅमेऱ्यानं कमी उजेडात काढलं की चेहऱ्यांवर रवा सांडल्यासारखे दाणे. या धंद्यातल्याच माझ्या दोस्तानं, आदेशनं, फुल फ्रेम कॅमेरा घेतला, अंधारातही स्वच्छ काढणारा. त्याचे फोटो पाहून जळलो — इथं खोटं कशाला लिहू? "काऊन रडून राह्यला बे, घेऊन टाक," म्हणे. पण मग लेन्सही बदला. आणि नवं काही शिकायची हौस अंगात उरली आहे का?

१३ एप्रिल
घ्यावा. नको. जाऊ दे, झोप आली.

१६ एप्रिल
हिंगणीचा कवडू दुकानात आला. त्याची माय रामबाई गेली. तेरवीला फोटो हवा, भिंतीवर लावायला. एकटीचा एकही नाही! आपल्याकडे कोणत्या म्हातारीचा असतो? एकटीचा फोटो म्हणजे हाराचा फोटो — म्हणून कॅमेरा वळला की साऱ्या जणी कुणाला तरी शेजारी ओढतात. कवडूच्या पोरीच्या लग्नात मीच होतो. मागच्या रांगेत रामबाई सापडली. चेहरा कापून मोठा केला. दाणेच दाणे!
कवडूनं फोटो दारातल्या उजेडात नेऊन पाहिला. "हे माय नाई वाटत, भाऊ." तरी घेऊन गेला. दुसरा होता कुठे? फार वाईट वाटलं.

१७ एप्रिल
ठरलं! घ्यायचाच. आदेश नागपूरहून आणणार आहे.
जेवताना आईला म्हटलं, नव्या कॅमेऱ्यातला पहिला फोटो तुझा, एकटीचा. "चाल हट! मेली काय मी?" म्हणाली, पण हसली. तिच्या काखेत गाठ आली आहे. उद्या रक्षा तिला सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवायला नेईल. मला हळदीची ऑर्डर आहे. बायकोवर सगळं टाकतो मी, कळतं.

२२ एप्रिल
लागोपाठ लग्नं. पाय सुजले. कॅमेरा आला नाही. आईच्या रिपोर्टचं विचारलं तर रक्षा "येईल" म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

२५ एप्रिल
दुकान उघडत होतो तर पायरीवर आई, मागे रक्षा. आईनं लग्नाकार्यातलं जांभळं लुगडं नेसलेलं, केस तेल लावून चापून बसवलेले. आत येऊन सरळ स्टुलावर बसली. रक्षा शेजारी उभी राहायला गेली, तर तिला हातानं बाजूला सारलं.
"एकटीचा काढ."
मी म्हटलं, आई, परवा नवा कॅमेरा येतोय, थांब ना.
"नाई. रिपोर्ट खराब आला. मीच रक्षाले म्हटलं, त्याले सांगू नको, लग्नाचे दिवस हायेत. सोमवारपासून किमोच्या सुया हायेत. केस हायेत तोवर काढ."
जुन्यानंच काढला.